ढगातला बर्फ आणि सोलापूरचा पाऊस

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरता घेतला आहे.)



संयोजकांनी मला बोलायला सांगितले, तेव्हा दोन अटी घातल्या. एक, वीस मिनिटांत संपव. दोन, फळ्यावर समीकरण लिहायचे नाही. दुसरी अट कोणी सुचवली असेल याचा मला अंदाज आहे. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसणारे आज पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यामुळे सगळे इथून स्पष्ट दिसते.

मी गेली पंचवीस वर्षे ढगांमध्ये बर्फ कसा तयार होतो याचा अभ्यास करते. हे ऐकले की सोलापूरची माणसे आधी हसतात. मे महिन्यात ज्या गावात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तिथल्या मुलीने बर्फावर संशोधन करावे! हसून झाले की दुसरा प्रश्न हमखास येतो. आपल्या बॅचच्या ग्रुपवर तो किमान चार वेळा आला आहे : "ते विमानाने पाऊस पाडतात म्हणे, ते खरे का?" ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही. आज सविस्तर देते. त्यासाठी आधी थोडे ढगाच्या आत जावे लागेल.

ढग म्हणजे वाफ, असे आपण सहज म्हणतो. वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला जो ढग दिसतो, ते पाण्याचे अतिशय बारीक थेंब असतात. एका थेंबाचा व्यास साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा भाग. इतका हलका थेंब खाली पडत नाही, वर चढणाऱ्या हवेवर तरंगत राहतो. आपल्या अंगावर पडणारा पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा असतो. असा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे १० लाख थेंब एकत्र यावे लागतात. म्हणून ढग आला म्हणजे पाऊस आला, असे होत नाही. जून-जुलैत आपल्या डोक्यावरून रोज ढग जातात आणि आपण नुसते वर बघत राहतो. त्या ढगांत पाणी असते, पण ते सुटे असते. खाली पडण्याइतके ते एकत्र आलेले नसते.

हे सुटे पाणी एकत्र येण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा आहे. थोडे मोठे थेंब खाली येताना लहान थेंबांवर आपटतात, त्यांना पोटात घेतात आणि वाढत जातात. दुसरा मार्ग बर्फातून जातो. माझे काम त्या दुसऱ्या मार्गावर आहे.

शाळेत आपण घोकले होते की पाणी शून्य अंशाला गोठते. सर, आपण शिकवले ते बरोबरच होते. फक्त ते फ्रीजमधल्या आणि तळ्यातल्या पाण्याला लागू पडते. ढगातला शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्याला गोठत नाही. उणे १० ला नाही, उणे २० लाही नाही. आतमध्ये काहीच परके नसेल, तर तो सुमारे उणे ३८ अंशांपर्यंत पाणीच राहतो. याला अतिशीत पाणी म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी घरी हे पाहिले असेल. फ्रीजरमध्ये ठेवलेली पाण्याची बंद बाटली बाहेर काढली तेव्हा पाणी होते, ओट्यावर जरा जोरात ठेवली आणि बघता बघता आत बर्फ झाला. तेच हे पाणी.

असे का होते? बर्फ होण्यासाठी पाण्याच्या रेणूंना एका ठरावीक रचनेत उभे राहावे लागते. आपल्या मैदानावर कवायतीला पहिली रांग आखून दिली की बाकीची मुले पटापट मागे उभी राहायची. रांग आखून दिली नाही तर पाचशे मुले नुसती फिरत असायची. थेंबालाही अशी पहिली रांग आखून देणारे काहीतरी लागते. ते काम धुळीचा एखादा कण करतो. त्याला आम्ही हिमकेंद्रक म्हणतो. आज मी त्याला बर्फाचे बी म्हणेन.

हे बी फार दुर्मीळ असते. ढगातल्या एक लिटर हवेत पाण्याचे काही लाख थेंब असतात. उणे २० अंशांच्या आसपास त्याच एक लिटर हवेत बर्फाचे बी होऊ शकेल असा कण साधारण एखादाच सापडतो. हवेत धूळ, धूर, मीठ भरपूर असते, पण बहुतेक कणांना हे काम येत नाही. काही खनिजांना येते. फेल्डस्पार नावाच्या खनिजाची त्यात मोठी ख्याती आहे. स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा एक जिवाणू पिकांच्या पानांवर राहतो. त्याच्या अंगावरच्या प्रथिनामुळे पाणी उणे दोन-तीन अंशांनाच गोठते. परदेशात घसरगुंडीच्या मैदानांवर कृत्रिम बर्फ करायला हाच जिवाणू मारून वापरतात.

आणि आपली काळी माती? मंगळवेढ्याची ज्वारी जिच्यावर येते, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल इतकी भेगाळते, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. फुगणे आणि भेगाळणे हे तिचेच गुण. हे खनिजही प्रयोगशाळांत बर्फाचे बी म्हणून अनेकदा तपासले गेले आहे. ते बऱ्याच खालच्या तापमानाला काम करते, पण करते. नांगरटीनंतर उडणाऱ्या शेतातल्या धुळीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अंश असतात, त्यामुळे ती नुसत्या दगडाच्या धुळीपेक्षा अधिक कामाची ठरते, असेही दिसले आहे.

हे आम्ही मोजतो कसे, तेही सांगते, कारण त्याला फार भारी उपकरण लागत नाही. हवेतली धूळ गाळणीवर गोळा करायची, शुद्ध पाण्यात मिसळायची, त्या पाण्याचे सारख्या मापाचे थेंब थंड पट्टीवर ओळीने ठेवायचे आणि पट्टी हळूहळू गार करत जायची. कोणत्या तापमानाला किती थेंब गोठले ते मोजत बसायचे. गोठलेला थेंब एकदम अपारदर्शक होतो, त्यामुळे ओळखू येतो. माझ्या आयुष्याचा मोठा भाग थेंब मोजण्यात गेला, असे म्हणायला हरकत नाही. आईला मात्र अजून वाटते की मी वेधशाळेत आहे आणि उद्या पाऊस पडेल का हे मला ठाऊक असते.

आता या बर्फाचा पावसाशी संबंध. ढगाच्या थंड भागात लाखो अतिशीत थेंबांमध्ये एक बर्फाचा कण तयार झाला, तर तो भराभर वाढतो. पाण्यावर जितकी वाफ मावते, त्यापेक्षा बर्फावर कमी मावते. उणे १५ अंशांना हा फरक जवळपास १५ टक्के असतो. त्यामुळे जी हवा थेंबांना 'पुरेशी ओली' असते, ती बर्फाच्या कणाला 'फारच ओली' असते. वाफ बर्फावर जमत जाते आणि ती भरून काढायला भोवतीचे थेंब आटत जातात. काही मिनिटांत बर्फाचा कण इतका जड होतो की खाली पडू लागतो. वाटेत थेंब चिकटवून घेतो, शून्य अंशाच्या खाली उतरला की वितळतो आणि आपल्याला पाऊस म्हणून भेटतो. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ साली याची कल्पना मांडली आणि टोर बर्गेरॉन यांनी १९३०च्या दशकात ती पावसाला लावून दाखवली. पावसाळ्यात आपल्या आकाशात शून्य अंशाची पातळी जमिनीपासून साधारण पाच-साडेपाच किलोमीटरवर असते. उंच वाढलेले ढग तिच्या खूप वर जातात. म्हणजे श्रावणातल्या जोरदार सरीतला बराच भाग काही वेळापूर्वी बर्फ होता.

बी दुर्मीळ आहे, तर आपणच टाकावे, ही कल्पना यातूनच आली. जुलै १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी शीतपेटीत श्वास सोडून छोटा ढग केला आणि त्यात कोरड्या बर्फाचा तुकडा टाकला. सगळी पेटी बर्फाच्या चमकत्या कणांनी भरून गेली. त्याच नोव्हेंबरात त्यांनी विमानातून खऱ्या ढगात कोरडा बर्फ टाकला. त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड शोधले. त्याची स्फटिकरचना बर्फासारखी असते, म्हणून पाणी त्याच्यावर बर्फाची रांग लावते.

महाराष्ट्रात हे काम बरेच जुने आहे, पण आपल्याकडे सुरुवात बर्फाने झाली नाही, मिठाने झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामतीच्या परिसरात विमानातून ढगांत मिठाची बारीक पूड टाकली. पावसाळ्यात डब्यातले मीठ ओलसर होते हे सगळ्यांना माहीत आहे. मीठ पाणी ओढते. ढगाच्या तळाशी असे कण गेले की थोडे मोठे थेंब तयार होतात आणि तेच पुढे लहानांना पोटात घेतात. म्हणजे मी सांगितलेला पहिला मार्ग. त्या प्रयोगात सुमारे २४ टक्के जास्त पाऊस नोंदवला गेला. २००९ पासून याच संस्थेने 'कायपीक्स' नावाची मोठी मोहीम सुरू केली आणि तिच्या चौथ्या टप्प्यासाठी गाव निवडले आपले सोलापूर.

सोलापूरच का? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्यात साधारण साडेपाचशे. सह्याद्री चढताना ढग रिकामे होतात आणि उतरलेली हवा आपल्याकडे येते. आपण पर्जन्यछायेत आहोत हे भूगोलाच्या बाईंनी नकाशावर रेघ मारून दाखवले होते. ढग येतात पण पुरते वाढत नाहीत, असा प्रदेश अभ्यासाला हवा होता. शिवाय २०१८ हे वर्ष आठवा. त्या वर्षी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्या जिल्ह्यातले तालुकेही होते. त्याच २०१८ मध्ये आणि पुढच्या २०१९ मध्ये सोलापुरात ही विमाने उडत होती. मी त्या चमूत नव्हते, माझे काम प्रयोगशाळेतले. पण त्यांनी काढलेले निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, ते मी बारकाईने वाचले आहेत. डॉ. थारा प्रभाकरन या मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ग्रुपवरच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. समजा, विमानाने ढगात बी टाकले आणि अर्ध्या तासाने पाऊस पडला. तो बियांमुळे पडला की तो तसाही पडणार होता? त्या एका ढगाला पुन्हा मागे नेऊन 'आता बी न टाकता दाखव' असे म्हणता येत नाही. मग काय करायचे? सारखे दिसणारे पुष्कळ ढग निवडायचे, कोणत्या ढगात बी टाकायचे हे नाणेफेकीसारखे यदृच्छेने ठरवायचे आणि दोन्ही गटांचा पाऊस मोजायचा. नव्या औषधाची चाचणी घेतात तसेच. सोलापूरच्या प्रयोगात असे २७६ ढग निवडले गेले. काहींत तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही तसेच ठेवले. रडारने आणि जमिनीवरच्या पर्जन्यमापकांनी दोन्हींवर नजर ठेवली.

निष्कर्ष असा की बी टाकलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. काही ठिकाणी ही वाढ ४६ टक्क्यांपर्यंत होती. दोन वर्षांत मिळून ८६.७ कोटी लिटर जास्तीचे पाणी मिळाले आणि खर्च आला लिटरला १८ पैसे.

आता आपण सोलापूरकर म्हणून हिशेब करू. १८ पैसे म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमागे १,८०० रुपये. महाग नाही. पण टँकरचे पाणी हौदात पडते, हे पाणी रानावर, रस्त्यावर, डोंगरावर, जिथे पडेल तिथे पडते. आणि ८६.७ कोटी लिटर म्हणजे किती? एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे हे पाणी एका टीएमसीच्या जेमतेम ३ टक्के झाले. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. उजनी या मार्गाने भरणार नाही. ऐन वाढीच्या वेळी पावसाने ताण दिला असेल आणि ढग जवळ असतील, तर एखाद्या पट्ट्यातल्या पिकाला एक चांगली सर मिळू शकेल. कोरडवाहू शेतकऱ्याला त्या एका सरीची किंमत काय असते, हे इथे बसलेल्या अनेकांच्या घरात माहीत आहे.

म्हणून प्रश्नाचे सरळ उत्तर असे. ढग तयार करता येत नाहीत. निरभ्र आकाशातून पाऊस पाडता येत नाही. वाढण्याच्या तयारीत असलेल्या ढगाकडून, योग्य जागी आणि योग्य वेळी बी पडले, तर थोडा जास्त पाऊस मिळतो. दुष्काळात ढगच कमी असतात, त्यामुळे जेव्हा गरज सर्वांत जास्त तेव्हा हा उपाय सर्वांत लंगडा पडतो. आणि 'विमानामुळे ढग पळून गेले' असे पारावर ऐकू येते, त्यालाही आधार नाही. विमानाचा आवाज ढगाला हलवू शकत नाही.

यात माझा बर्फ कुठे राहिला? तो वर बसला आहे. तळाशी मिठाने मोठे झालेले थेंब हवेबरोबर वर गेले की लहान थेंबांपेक्षा लवकर गोठतात, कारण मोठ्या थेंबात एखादे बी असण्याची शक्यता जास्त. मग आणखी एक गंमत होते. १९७४ साली हॅलेट आणि मॉसॉप यांनी दाखवले की उणे ३ ते उणे ८ अंशांच्या पट्ट्यात बर्फाच्या कणावर थेंब आदळून गोठताना बर्फाच्या बारीक किरच्या उडतात. प्रत्येक किरची नवे बी होते. त्यामुळे बी मोजके असले तरी ढगात बर्फाचे कण त्याच्या शेकडो-हजारो पट सापडतात. मान्सूनच्या ढगांत शिरलेल्या विमानांनीही असे पाहिले आहे. हे गुणन कोणत्या ढगात होईल आणि कोणत्या नाही, हे आम्हाला अजून नेमके सांगता येत नाही. माझ्यासारख्यांचे पुढच्या दहा-वीस वर्षांचे काम तिथे आहे.

हे काम फक्त पावसापुरते नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोणी विसरले नसेल. आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागा आणि डाळिंबाच्या बागा काही मिनिटांत झोपल्या. ती गार म्हणजे बर्फाच्या कणावर अतिशीत पाणी थरावर थर चढून झालेला गोळा. वळवाच्या पावसातली वीजही बर्फाचे कण आणि छोट्या गारा एकमेकांवर घासून वीजभार वेगळा झाल्यामुळेच तयार होते. ढगात बर्फ केव्हा आणि किती होतो हे नीट कळले, तर शेतकऱ्याला द्राक्षावर जाळी ओढायला आणि गुराख्याला झाडाखालून निघायला थोडा वेळ आधी सांगता येईल. पाऊस वाढवण्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचे वाटते.

शेवटी एक विनंती. उद्या कोणी गावात येऊन 'आम्ही हमखास पाऊस पाडतो' म्हणाले, तर त्यांना दोन प्रश्न विचारा. बी न टाकलेल्या ढगांचा पाऊस मोजला का? आणि मोजला कोणी? हे प्रश्न विचारायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. आपल्या विज्ञानाच्या सरांकडे शिकलेला कोणीही ते विचारू शकेल. 'पाहिलेस की ऐकलेस?' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न मी अजून माझ्या विद्यार्थ्यांना विचारते.

आपण बॅचतर्फे शाळेला काय द्यायचे, यावर दुपारी चर्चा आहे. माझी सूचना आत्ताच मांडते. शाळेच्या अंगणात एक प्रमाणित पर्जन्यमापक बसवू. रोज सकाळी साडेआठ वाजता, हवामान खात्याच्या वेळेला, एका विद्यार्थ्याने तो वाचावा आणि फळ्यावर आकडा लिहावा. वर्षभराची वही ठेवावी. आणि त्या मुलांना एक गणित घालावे : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, तर शाळेच्या हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला किती पडते? उत्तर पन्नास हजार लिटरच्या आसपास येते. त्यासाठी विमान लागत नाही, पन्हळ आणि टाकी लागते. त्या टाकीचा खर्चही आपण उचलू शकतो, असे मला वाटते. पर्जन्यमापकाचे मी बघते. टाकीसाठी हात वर करायला पहिल्या रांगेपासून सुरुवात करू या.